फिशटँक : आधी पाणी मुरू द्या, मग मासे आणा



पेण किंवा रोह्याच्या बाजारातून एक फेरी मारली तर एखाद्या दवाखान्यात, सलूनमध्ये किंवा हॉटेलात काचेची टाकी आणि तिच्यात रंगीत मासे दिसतात. पण चालू टाक्यांपेक्षा माळ्यावर चढवलेल्या टाक्या जास्त असाव्यात, असा आमचा अंदाज आहे. कुणी त्यात कांदे ठेवले आहेत, कुणी मुलांची जुनी खेळणी. हौसेने आणलेली टाकी, पंधरा दिवसांत मेलेले मासे, आणि "हे आपले काम नव्हे" म्हणून झटकलेले हात. ही हकीकत आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे.

आमचा धंदा कापडाचा. पण दुकानात गल्ल्याशेजारी दोन फुटी टाकी आम्ही बरीच वर्षे बाळगून आहोत. आई ड्रेस मटेरियल पाहत असते तोवर मूल टाकीसमोर शांत बसते, हा तिचा रोकडा फायदा. त्यामुळे नवी टाकी घेणारे आमच्याकडे चौकशीला येतात, आणि अलीकडे एक-दोन तरुण हा धंदाच करावा काय, असे विचारू लागले आहेत. मुख्यतः त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत.

नव्या टाकीतले मासे बहुधा रोगाने मरत नाहीत, उपासाने तर नाहीच. ते घाईने मरतात. सकाळी टाकी घेतली, दुपारी पाणी भरले, संध्याकाळी वीस मासे सोडले, असे झाले की पुढचे सगळे ठरून जाते. आणि ज्या घरातली टाकी एकदा माळ्यावर गेली, त्या घरात पुन्हा कोणी टाकी घेत नाही. म्हणजे विकणाऱ्याने त्या दिवशी एक टाकी विकली आणि कायमचे एक गिऱ्हाईक गमावले.

टाकी, काच आणि जागा

सुरुवातीला २४ इंच लांब, १२ इंच रुंद, १२ इंच उंच ही टाकी सर्वांत सोयीची. काठोकाठ भरली तर सुमारे ५६ लिटर होतात. वर दोन इंच जागा आणि खाली वाळू धरली की ४५ लिटरच्या आसपास पाणी राहते. याहून लहान टाकी सोपी असते, हा गैरसमज आहे. पाणी जितके कमी तितके ते लवकर तापते आणि लवकर बिघडते. गोल काचेचे भांडे तर आम्ही कोणालाच सुचवत नाही.

या मापाला ५ मिलिमीटर जाडीची काच पुरते. आपल्या भागात खिडक्यांचे आणि फ्रेमचे काम करणारे काच-कारागीर आहेत. त्यांच्याकडे उरलेल्या तुकड्यांतून अशा टाक्या उत्तम होतात. सिलिकॉन मात्र साधे, व्हिनेगरसारखा वास येणारे घ्यावे. बाथरूमसाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेले असते, ते माशांना विष आहे. जोड दिल्यावर दोन दिवस हात लावू नये. मग टाकी दुकानाबाहेर सपाट जागी पाण्याने भरून आणखी दोन दिवस ठेवावी. गिऱ्हाइकाच्या घरी गळलेली टाकी म्हणजे भिजलेली गादी आणि गेलेली अब्रू.

वजनाचा हिशेब लोक करत नाहीत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाणी, वाळू, काच मिळून ही टाकी साठ-सत्तर किलोच्या घरात जाते. टीव्हीच्या हलक्या टेबलावर ती ठेवू नये. लोखंडी अँगलचा स्टँड किंवा सुताराकडून भक्कम घडवंची करून घ्यावी, आणि टाकीखाली थर्मोकोलचा तक्ता घालावा, म्हणजे स्टँडचा उंचसखलपणा काचेवर येत नाही. उन्हाची तिरीप पडेल अशी जागा नको. पाणी हिरवे होते. पत्र्याच्या छपराखालीही नको. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पाणी तीस अंशांच्या वर जाते, आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

वाळू आणि पाणी

वाळू दोन-तीन मिलिमीटर दाण्याची, नदीची किंवा बाजारात मिळणारी. या मापाच्या टाकीला दहा-बारा किलो लागते. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी, साबण लावू नये. अलिबाग-मुरूडकडच्या पुळणीवरून वाळू आणण्याचा मोह काहींना होतो. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो पाण्यात चुना सोडत राहतो. शंका असेल तर मूठभर वाळूवर लिंबू पिळावे. फेस आला तर ती वाळू बांधकामाला ठेवावी.

पेण गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे, त्यामुळे येथे टाकीत ठेवण्यासाठी प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे डोंगर, किल्ले, कमानी सहज बनवून मिळू शकतात. ते टाकीत घालू नयेत. प्लॅस्टर पाण्यात थोडे थोडे विरघळते आणि पाणी जड करते; वरचा रंगही सुटतो. शाडूची कच्ची माती तर चिखलच होते. भट्टीत नीट भाजलेली, न रंगवलेली मातीची वस्तू मात्र चालते. कुंभाराचे साधे मडके आडवे ठेवले तरी माशांना लपायला जागा होते. ज्यांच्या हातात मातीची कला आहे त्यांना येथे एक छोटे काम आहे, आणि ते कोणी अजून अंगावर घेतलेले आम्ही पाहिले नाही.

पाण्याबाबत आपल्या दोन्ही तालुक्यांत एकच नियम चालणार नाही. नळाचे पाणी असेल तर त्यात क्लोरीन असतो. ते रुंद तोंडाच्या बादलीत एक दिवस उघडे ठेवावे, किंवा बाजारात क्लोरीन मारण्याचे थेंब मिळतात ते घालावे. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ होते, तेव्हा शुद्धीकरणासाठी क्लोरीन वाढवला जाण्याचा संभव असतो. त्या दिवसांत पाणी दोन दिवस ठेवलेले बरे. पेणच्या खारेपाटात विहिरीचे पाणी मचूळ लागते. तेथे नाजूक टेट्रा टिकणार नाहीत, पण मॉली या माशाला थोडे खारे पाणी उलट मानवते. रोह्यात कुंडलिका बारमाही वाहते, कारण भिऱ्याच्या वीजगृहातून सुटणारे पाणी तिला मिळत राहते. म्हणून नदीचे पाणी सरळ कॅनमध्ये भरून आणण्याचा विचार कोणी करील. तो करू नये. औद्योगिक वसाहतीच्या शेजारच्या नदीत कोणत्या दिवशी काय असेल हे डोळ्यांना दिसत नाही.

पाणी मुरते म्हणजे काय

आपल्या बोलीत "कुठेतरी पाणी मुरते आहे" म्हटले की लबाडीचा संशय असतो. येथे मात्र लोणचे मुरते त्या अर्थाने घ्यावे.

मासा पाण्यातच खातो आणि पाण्यातच घाण करतो. त्या घाणीतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो अगदी थोडा असला तरी माशाचे कल्ले जाळतो. नदीत पाणी अमाप, म्हणून तिथे तो जाणवत नाही. टाकीत मात्र त्याचा बंदोबस्त करणारे कोणीतरी हवे. ते काम जिवाणू करतात. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, हाही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, तो बराच निरुपद्रवी असतो आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलले की निघून जातो. हे जिवाणू बाजारातून आणलेल्या नव्या टाकीत नसतात. ते हळूहळू येतात आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजावर व वाळूवर वस्ती करतात. ती वस्ती पुरेशी व्हायला तीन ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे हवा उबदार असल्याने काम बहुधा लवकर होते.

आता गिऱ्हाइकाच्या घरी काय घडते ते पाहा. पहिले तीन-चार दिवस मासे उत्तम पोहतात, सगळे खूश. दुसऱ्या आठवड्यात मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. घरमालक समजतो रोग आला. तो निळे औषध ओततो. मग सगळे पाणी काढतो, वाळू, स्पंज, काच नळाखाली खसखसून धुतो आणि नवे पाणी भरतो. जी थोडीशी वस्ती झाली होती तीही त्याने धुऊन टाकली. पुन्हा पहिला दिवस सुरू. असे दोनदा झाले की टाकी माळ्यावर.

योग्य रीत अशी. टाकी भरावी, फिल्टर आणि हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. मासे नसताना रोज चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे किट मिळते; दुकानदाराने तरी ते ठेवलेच पाहिजे. दोन्ही आधी वाढतात, नंतर उतरतात. दोन्ही शून्यावर आले की पाणी मुरले.

यातही एक जवळची वाट आहे. दह्याला जसे विरजण, तसा जुन्या टाकीतला चालता स्पंज. ज्याला हा धंदा करायचा आहे त्याने आपल्या दुकानातल्या निरोगी टाकीत आठ-दहा जादा स्पंज कायम टाकून ठेवावेत. टाकी विकली की त्यातला एक ओल्या पिशवीत घालून गिऱ्हाइकाला द्यावा आणि त्याच दिवशी त्याच्या फिल्टरमध्ये बसवावा. वाळू देऊ नये. दिला तर मुरलेला जिवंत स्पंजच द्यावा. मग तीन-चार दिवसांनी चार लहान मासे, आठवड्याने आणखी चार, असे वाढवता येते. स्पंजाचा खर्च काहीच नाही, पण विरजण देणारा आणि न देणारा या दोन दुकानांतला फरक महिन्याभरात गिऱ्हाइकाच्या तोंडून गावभर होतो.

दुकानदार म्हणेल, आज मासे दिले नाहीत तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. त्यावर उपाय व्यापाऱ्याला शिकवायला नको. माशांचा बयाणा आज घ्यावा, पावती फाडावी आणि तारीख लिहून द्यावी. शिंपी कपडा आठ दिवसांनी देतो तेव्हा कोणी रागावत नाही.

कोणते मासे

४५ लिटर पाण्यात दहा-बारा लहान मासे पुरे. गप्पी सर्वांना माहीत आहेत; डासांच्या अळ्या खातात म्हणून मलेरिया विभाग ते डबक्यांत सोडतो. शोभेचे गप्पी त्याच जातीचे, शेपटी तेवढी मोठी. एका नराला दोन-तीन माद्या ठेवाव्यात. महिन्याभरात पिल्ले होतात आणि आईच ती खाते, म्हणून दाट पाणवनस्पती हवी. मॉली, प्लॅटी हेही सोपे. झेब्रा मासा तर आपल्याच देशाचा, काटक आणि चपळ. पाच-सहांचा कळप ठेवावा. फायटर नर एका टाकीत एकच.

गोल्डफिश पहिल्यांदा घेणाऱ्याला देऊ नये. बाळपणी दोन इंचांचा दिसतो, पण वाढतो मोठा आणि घाण पुष्कळ करतो. एंजलला उंच टाकी लागते. अरोवाना आणि फ्लॉवरहॉर्न नशीब उघडते म्हणून महाग विकले जातात. नशीब उघडते ते विकणाऱ्याचे.

रंगाबद्दल मात्र कापडवाला म्हणून आम्हाला चार शब्द जास्त लिहिले पाहिजेत. बाजारात गुलाबी, निळे, जांभळे असे काही मासे मिळतात. काचेसारखा पारदर्शक असा आपल्याकडचा एक लहान मासा आहे; त्याच्या अंगात सुईने रंग टोचून त्याला चमकता करतात. विडो टेट्रा हा मूळचा काळा-करडा. त्याच्या फिक्या जातीलाही रंग देतात. कापडाचा कच्चा रंग पहिल्या धुण्यात निघतो आणि गिऱ्हाईक तागा परत आणून आपटते. माशाचा रंग काही महिन्यांत फिका पडतो, आणि टोचलेल्या जागी जखम होऊन त्याआधीच मासा जाण्याचा संभव मोठा. मालातला ऐब सांगून विकावा हा आपल्याकडचा जुना दस्तूर आहे. येथे तर ऐब घालण्यासाठी जिवाला भोसकलेले असते. असा माल दुकानात आणूच नये, मागणी असली तरी.

माल आणणे आणि हिशेब

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा माशांचा बाजार जुना आहे. देशात शोभेच्या माशांची पैदास कोलकाता-हावड्याकडे आणि चेन्नईच्या कोळत्तूर भागात मोठी. पेण-रोहेकराने सुरुवातीला मुंबईवरूनच आणावे. रेल्वे दोन्ही गावांना आहे. मासे पहाटे किंवा रात्री आणावेत, पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात ठेवाव्यात. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू असावा. आदल्या दिवशी त्यांना खाऊ घातलेले नसावे, नाहीतर प्रवासात पिशवीतच घाण होते.

आल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, मग थोडे थोडे टाकीचे पाणी पिशवीत घालावे, शेवटी मासे जाळीने उचलून सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. आणि आलेला माल दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्याशिवाय विकू नये.

यात भांडवल अडकते हे खरे. पण हिशेब करून पाहा. शंभर मासे दहा रुपयांनी आणले, हजार रुपये गेले. वीस मेले तर उरलेल्या ऐंशींची खरेदी साडेबारा रुपये पडली. चाळीस मेले तर जवळपास सतरा. कापडाचा तागा डागला तर आपण तो कटपीसमध्ये काढतो, काहीतरी हाती येते. मेलेल्या माशाला कटपीस नाही. त्यामुळे या धंद्यात नफा खरेदीच्या घासाघिशीत नाही, मरतूक कमी ठेवण्यात आहे.

खरा टिकाऊ पैसा देखभालीत आहे, असे आमचे मत. दवाखाने, हॉटेले, कार्यालये यांना टाकी हवी असते पण हात ओले करायला वेळ नसतो. आठवड्याला एक फेरी, चौथा हिस्सा पाणी बदलणे, काच पुसणे, स्पंज पिळणे. स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा, नळाखाली कधीही नाही. महिन्याचे ठरावीक पैसे ठरवावेत. अशी पंधरा-वीस ठिकाणे बांधली तर दुकानाचे भाडे माशांच्या विक्रीवर अवलंबून राहत नाही.

गिऱ्हाइकाला खाद्याचा नियम तोंडी सांगून भागत नाही, टाकीवर चिठ्ठी चिकटवावी. दोन मिनिटांत संपेल इतकेच, दिवसातून एक-दोनदा. घरातला प्रत्येक माणूस प्रेमाने चिमूट टाकतो आणि त्यातच मासे जातात. पावसाळ्यात कोकणच्या दमट हवेत खाद्याला बुरशी येते, म्हणून लहान पुड्या विकाव्यात.

औषधांचे थोडक्यात. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर पाणी हळूहळू तीस अंशांवर न्यावे, लिटरला एक ते दोन ग्रॅम मीठ विरघळवून घालावे, आणि ठिपके गेल्यावरही आठवडाभर उपाय चालू ठेवावा. मिथिलीन ब्लू आणि मॅलाकाइट ग्रीन ही माशांची प्रचलित औषधे मुळात कापड रंगवण्याचे रंग आहेत. मिथिलीन ब्लू १८७६ मध्ये सुती कापडासाठीच तयार झाला. म्हणून रंगाच्या दुकानातून पुडी आणून टाकीत घालण्याची कल्पना आपल्या लोकांना सुचू शकते. ते करू नये. कारखान्याच्या रंगात जस्तासारख्या इतर वस्तू मिसळलेल्या असतात. माशांसाठी बनवलेली बाटलीच घ्यावी आणि तीही वेगळ्या टाकीत वापरावी, कारण मुख्य टाकीतली जिवाणूंची वस्ती औषधाने मरते.

विजेचा प्रश्न आपल्याकडे सोडून चालत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यात कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. दुकानदाराने बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ठेवावा. तो नसेल तर खाद्य बंद करावे आणि तासा-दोन तासांनी तांब्याने पाणी उंचावरून टाकीतच ओतत राहावे. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला तर आतला स्पंज कुजू लागतो. वीज आल्यावर तो टाकीच्या पाण्यात पिळूनच चालू करावा.

कंटाळलेल्या गिऱ्हाइकाचे मासे परत घ्यावेत, फुकट का होईना. नाहीतर तो ते नदीत नाहीतर तळ्यात सोडतो आणि पुण्य केले असे समजतो. काच चाटणारा सकर मासा असाच कोणीतरी सोडलेला. उजनी धरणात तो मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला, जाळी फाडतो आणि त्याला भाव नाही. कुंडलिकेत आणि भोगावतीत ते संकट आपल्या दुकानातून जायला नको.

ज्यांना विक्रीबरोबर पैदासही करायची आहे त्यांनी अलिबागच्या मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागे शोभेचे मासे वाढवण्याच्या लहान केंद्रासाठी ३ लाख रुपये प्रकल्पखर्च धरला होता, आणि त्यावर सर्वसाधारण अर्जदाराला ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान होते. सध्याच्या अटी काय आहेत आणि मंजुरीआधी केलेला खर्च धरतात की नाही, हे लेखी विचारून घ्यावे. जागेचा उतारा, पाण्याची सोय दाखवणारा कागद आणि बँकेचे पासबुक बरोबर न्यावे, म्हणजे पेणहून दुसरी खेप पडत नाही.